शब्बाथ शाळेतील विशेष गरजा असलेली मुले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सतरा वर्षे मी एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारी मुलांना बायबल शिकवणाऱ्या शाळेत, बालवर्ग आणि मधला वर्ग शिकवीत आहे. या काळात शिक्षकांनी, पालकांनी आणि पास्टरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) सभासदांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मी डॉक्टर किंवा विशेष शिक्षणाची पदवीधर नाही, त्यामुळे मुलाच्या निदानाविषयी किंवा औषधांविषयी येथे काही सापडणार नाही. रविवारचे दीड-दोन तास ते मूल आपल्यात कसे रमेल, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

‘विशेष गरजा असलेली मुले’ म्हणजे नेमकी कोणती?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात ते सातच होते. अंधत्व, श्रवणदोष आणि अस्थिव्यंग यांच्याबरोबर आता स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे), विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचणे, लिहिणे किंवा गणित जड जाणे), आणि सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही त्यात स्वतंत्रपणे मोजले जातात. अतिचंचलता, म्हणजे ज्याला आपण एडीएचडी म्हणतो, ती या यादीत नाही. तरीही शब्बाथ शाळेत सर्वांत जास्त बोलणी खाणारे मूल पुष्कळदा तेच असते. म्हणून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे की नाही याची चौकशी आपण करू नये. ज्या मुलाला इतरांसाठी आखलेल्या वर्गात बसणे, ऐकणे, बोलणे किंवा चालणे जड जाते, ते मूल आपल्या कामापुरते विशेष गरज असलेले आहे.

शब्दांविषयी एक विनंती आहे. ‘मतिमंद’, ‘वेडसर’, ‘बिचारा’ हे शब्द वर्गात, व्यासपीठावर आणि प्रार्थनेतही टाळावेत. मुलाला नाव असते आणि ते पुरते.

पालकांना हा विषय कसा काढून विचारावा?

उपासनेनंतर दारात उभे राहून, चार माणसांच्या देखत कधीही विचारू नये. घरी भेट द्यावी, शक्यतो वर्गशिक्षिकेने आणि पाळकीणबाईंनी (पाळकांच्या पत्नीने) मिळून जावे, आणि ‘त्याला काय झाले आहे?’ असे न विचारता ‘रविवारी त्याला आमच्याकडे बरे वाटावे म्हणून आम्हांला काय माहीत असायला हवे?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने आई गप्प होते, असा माझा अनुभव आहे. दुसऱ्या प्रश्नावर मात्र ती चहा गार होईपर्यंत बोलत राहते, कारण तिला हे यापूर्वी कोणी विचारलेलेच नसते.

तेथे जे कळेल ते एका कार्डावर लिहून घ्यावे : मूल काय आवडीने करते, कशाने घाबरते, घाबरल्याचे पहिले लक्षण कोणते, शांत कशाने होते, शौचास जायचे असेल तर कसे सांगते, काय खात नाही, औषध कोणते चालू आहे आणि उपासनेच्या वेळी आईवडील कोणत्या बाकावर सापडतील. आमच्या एका कार्डावर एवढेच लिहिले होते : ‘डाव्या कानाची पाळी चोळू लागला की दोन मिनिटांत रडणार.’ त्या एका ओळीने आमचे कितीतरी रविवार वाचवले.

हे कार्ड शिक्षिकेकडे राहावे. आपल्या मंडळ्यांत ‘प्रार्थनेसाठी सांगते’ असे म्हणून दुसऱ्याच्या घरातली गोष्ट महिला संघापर्यंत पोहोचवण्याची एक जुनी सवय आहे. पालकांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय मुलाचे नाव किंवा निदान प्रार्थनाविषयांच्या यादीत, आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच, येऊ देऊ नये.

आमच्याकडे प्रशिक्षित शिक्षक नाहीत. आम्ही काय करू शकतो?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. बहुतेक मुलांना रविवारी प्रशिक्षित तज्ज्ञ नको असतो. त्यांच्या शेजारी बसणारे, दर रविवारी तेच असणारे एक माणूस हवे असते. आम्ही त्याला ‘सोबती’ म्हणतो. वर्ग शिक्षिका घेते आणि सोबती फक्त त्या एका मुलाकडे पाहतो : गाण्याच्या वेळी पुस्तक उघडून देतो, पाठ लांबला तर त्याला बाहेर चिंचेखाली एक फेरी मारून आणतो, आणि रंग देताना सगळी पेटी न देता दोनच खडू पुढे धरून ‘यातला कोणता?’ असे विचारतो.

सोबती तरुण संघातील असू शकतो, पण तरुणांची निवड जितक्या काळजीने करावी तितक्याच काळजीने आजी-आजोबांचीही करावी. निवृत्त नर्सबाई आणि शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक या कामात फार उपयोगी पडतात, कारण त्यांना घाई नसते. प्रत्येक मुलामागे दोन सोबती ठरवून ठेवावेत. एक गावाला गेला तर दुसरा मुलाला आधीच ओळखीचा असतो. दर रविवारी ज्याला वेळ असेल तो, अशी पद्धत मात्र ठेवू नये. नवा चेहरा हाच काही मुलांना सर्वांत मोठा त्रास असतो.

जवळपास विशेष शाळा असेल तर तेथील एखाद्या शिक्षिकेला शनिवारी दुपारी दोन तासांसाठी बोलवावे. मुलाचा हात ओढून न नेता त्याला उठवायचे कसे, व्हीलचेअर पायरीवरून उतरवताना तोंड कोणीकडे असावे, ऐकू न येणाऱ्या मुलाशी बोलताना आपण खिडकीकडे पाठ करून का उभे राहू नये, या गोष्टी पुस्तकात वाचण्यापेक्षा करून पाहिल्याने लवकर समजतात.

वर्गाचा क्रम कसा असावा?

दर रविवारी तोच असावा. आपल्याला तोचतोचपणा कंटाळवाणा वाटतो. स्वमग्न मुलाला मात्र पुढे काय होणार हे ठाऊक असणे हाच मोठा आधार असतो. आम्ही भिंतीवर एक चित्रपट्टी लावतो : चपला काढणे, गाणे, प्रार्थना, गोष्ट, रंगकाम, बिस्किट, घर. पुठ्ठ्याचे सात तुकडे आहेत, मागे चिकटपट्टी आहे, आणि जे झाले ते चित्र काढून खालच्या पाकिटात टाकायचे. खर्च साठ रुपयांच्या आत आला. एक मुलगा, जो आधी दर पाच मिनिटांनी ‘घरी’ म्हणत दाराकडे धावायचा, तो आता पट्टीजवळ उभा राहतो, घराच्या चित्रावर बोट ठेवतो, त्याच्या आधी उरलेली चित्रे मोजतो आणि परत येऊन बसतो.

क्रम बदलावाच लागणार असेल, उदाहरणार्थ झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) मिरवणूक असेल, तर आदल्या आठवड्यातच पालकांना सांगावे आणि त्या दिवशी पट्टीवर झावळीचे चित्र आधीपासून लावलेले असावे.

गाण्याच्या वेळी मूल कान झाकून घेते. गाणी बंद करावीत काय?

गाणी बंद करण्याचे कारण नाही. आवाज कमी करावा. ढोलक, झांज, कीबोर्ड आणि त्यावर पूर्ण सोडलेला लाउडस्पीकर हे सारे पत्र्याच्या छपराखालच्या एका खोलीत आपण एकदम वाजवतो. वीस मुलांच्या वर्गाला माइक लागतोच कशाला, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारावा. पहिले गाणे फक्त टाळीवर घ्यावे, ढोलक दुसऱ्या कडव्यापासून हळूच यावा, आणि त्या मुलाची जागा दाराजवळ, स्पीकरपासून दूर असावी. काही मुलांना वाद्य स्वतःच्या हातात असले की त्याच आवाजाचा त्रास होत नाही. म्हणून खुळखुळा किंवा टाळ त्याच्याच हाती देऊन पाहावा. बाजारात कानावर बसणारे, आवाज कमी करणारे हेडफोन मिळतात. मंडळीने एक जोड घेऊन कपाटात ठेवल्यास हरकत नाही.

तीव्र वासांचेही असेच आहे. कॅथलिक चर्चमध्ये मोठ्या सणाच्या मिस्सेत (उपासनाविधीत) धूप असतो. आधी सांगून ठेवल्यास कुटुंब बाजूच्या दाराजवळचा बाक निवडू शकते.

अशा मुलांसाठी वेगळा वर्ग काढावा की सर्वांबरोबर बसवावे?

शक्य असेल तोवर सर्वांबरोबरच बसवावे, असे माझे ठाम मत आहे. आपल्या मिशनांनी या क्षेत्रात फार मोठे काम केले. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अंधांसाठी शाळा काढली आणि पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनात अंध मुलींना ब्रेल शिकवले जात होते. त्या काळी अशा मुलांना कोठेच जागा नव्हती, म्हणून त्या संस्था लागल्या. परंतु संस्था काढून दिल्या की आपले काम झाले, अशी एक समजूतही त्यातून मंडळ्यांत रुजली, आणि रविवारच्या बाकावर त्या मुलाची जागा रिकामीच राहिली.

याचा अर्थ वेगळी खोली नकोच असा नाही. दमलेल्या मुलाला टेकण्यासाठी वर्गाच्या शेजारी एक शांत कोपरा असावा : सतरंजी, एक उशी, मंद पंखा आणि दोन खेळणी पुरेत. तेथे मूल स्वतःहून जाईल आणि स्वतःहून परत येईल. त्या कोपऱ्याचा उपयोग शिक्षा म्हणून एकदाही झाला, तर तो कायमचा वाया गेला असे समजावे.

मूल किंचाळले, वस्तू फेकल्या किंवा दुसऱ्याला मारले तर काय करावे?

प्रथम इतर मुलांना बाजूला घ्यावे. त्या मुलाला ओढू नये. आवाज खाली आणावा, शब्द कमी करावेत आणि एकाच माणसाने बोलावे. चार जणांनी चारही बाजूंनी ‘शांत हो, शांत हो’ म्हटल्याने कोणीही शांत होत नाही. मूल निवळल्यावर लगेच उपदेश करू नये, पाणी द्यावे. नंतर, त्याच दिवशी, त्याआधीची दहा मिनिटे आठवून लिहून काढावीत. आमच्याकडे एका मुलीचे असे चार प्रसंग झाले आणि चारही वेळा रंगकाम अर्धवट असताना ‘चला, आवरा’ म्हटले गेले होते. आता तिला पाच मिनिटे आधी आणि मग दोन मिनिटे आधी सांगतात. पाचवा प्रसंग अजून आलेला नाही.

वर्गात फिट आली तर?

घड्याळ पाहावे. मुलाला जमिनीवर कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याशी घट्ट असलेले बटण सैल करावे आणि आजूबाजूच्या खुर्च्या हलवाव्यात. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी किंवा औषध काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवणे आणि हातात किल्ली देणे यांचा काहीही उपयोग नाही. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण कोणीतरी ज्येष्ठ व्यक्ती चप्पल घेऊन धावत येतेच आणि तिला नम्रपणे पण ठामपणे थांबवावे लागते. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली, लगोलग दुसरी आली, मुलाला इजा झाली किंवा ही त्याची पहिलीच फिट असेल, तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

सुवर्णवचन (पाठ करायला दिलेले बायबलचे वचन) पाठ होत नाही, मग बक्षीस कसे द्यावे?

पाठांतर हे शब्बाथ शाळेचे एक साधन आहे. आपण त्याचे परीक्षेत रूपांतर केले आहे. पूर्ण वचनाऐवजी एक शब्द, हातांच्या खुणा, किंवा वचनाच्या चित्रांचा क्रम लावणे हेही पाठांतरच मानावे. ज्या मुलाला अक्षरे जुळवणे जड जाते त्याला वर्गासमोर उभे करून वाचायला लावू नये. बक्षीस समारंभात ‘उत्तेजनार्थ’ म्हणून काहीतरी हातात ठेवण्यापेक्षा त्याने खरोखर केलेल्या कामाचे बक्षीस द्यावे. आमच्याकडे वर्षभर न चुकता उपासना संगीताची पुस्तके बाकांवर मांडणाऱ्या मुलाला त्या कामाचे बक्षीस मिळाले. ती पुस्तके अशी एका रेषेत मंडळीत याआधी कोणी मांडली नव्हती.

आंधळ्याला दृष्टी, पांगळ्याला पाय अशा गोष्टी या मुलांसमोर कशा शिकवाव्यात?

हा प्रश्न फार थोडे शिक्षक विचारतात, आणि विचारायला हवा. व्हीलचेअरवर बसलेल्या मुलीसमोर ‘त्याचा विश्वास होता म्हणून तो चालू लागला’ असे सांगून आपण पुढच्या गाण्याकडे वळतो. ती मुलगी घरी जाऊन आईला काय विचारते, हे आपल्याला कळत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाविषयी विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे; आणि येशू दोन्ही नाकारतो. तो पाठ घ्यावा, आणि सावकाश घ्यावा. पक्षघाती माणसाच्या गोष्टीत छप्पर उकलणाऱ्या चौघांवर वेळ घालवावा. मफीबोशेथाची गोष्ट तर आपण शिकवतच नाही : पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडून तो दोन्ही पायांनी लंगडा झाला, पुढे दावीद राजाच्या पंक्तीला रोज जेवू लागला, आणि गोष्टीच्या शेवटीही लंगडाच होता. बरे न होताही त्याला मेजावर जागा होती, हे लहान मुलांना लगेच समजते.

मूल बरे व्हावे म्हणून डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणे योग्य आहे काय?

पालकांनी मागितली तर जरूर करावी. न विचारता, भर उपासनेत, पाहुण्या प्रचारकांना पुढे करून मात्र करू नये. अनोळखी माणसाचा हात अचानक डोक्यावर येणे हे कित्येक मुलांना सहन होत नाही. आणि नंतर काही बदलले नाही, तर ‘घरच्यांचा विश्वास कमी पडला’ ही कुजबूज त्या आईच्या कानावर गेल्याशिवाय राहत नाही. उपवास-प्रार्थनेसाठी फिटची किंवा इतर कोणतीही औषधे थांबवण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर पाळकसाहेबांनी त्याला तेथल्या तेथे अडवावे. अपस्माराची औषधे एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते.

इतर पालक तक्रार करतात. त्यांना काय सांगावे?

तक्रार मुलाला लागल्याची असेल तर ती खरी तक्रार आहे. ती ऐकून घ्यावी आणि सोबती त्या वेळी कोठे होता हे तपासावे. ‘आमची मुले त्याचे पाहून तसेच करतील’ ही मात्र भीती असते, तक्रार नव्हे. मुलांना साध्या शब्दांत सांगावे : ‘त्याला मोठा आवाज दुखतो, म्हणून तो कान झाकतो.’ मुले एवढ्यावर समाधानी होतात आणि खेळायला जातात. मोठ्यांना थोडा वेळ लागतो.

नाताळच्या नाटिकेत घ्यावे काय?

घ्यावे, पण मुलाला विचारून. पाठ करायचे वाक्य नसलेली आणि तरीही नाटिका जिच्यावाचून अडेल अशी भूमिका शोधावी. तारा धरणारा हवाच असतो. रंगीत तालीम खऱ्या दिव्यांत, खऱ्या माइकवर आणि खऱ्या पोशाखात निदान दोनदा व्हावी. टोचणारी दाढी आणि लुकलुकणारी दिव्यांची माळ यांनी आयत्या वेळी घात केल्याचे मी पाहिले आहे. एका वर्षी आमचा तारा बेथलेहेमापर्यंत न जाता मध्येच प्रेक्षकांत आपल्या आजीजवळ जाऊन थांबला. मागी लोक (ताऱ्यामागून बाळ येशूला भेटायला येणारे ज्ञानी) बिचारे त्याच्यामागे गेले, आणि गव्हाणीपाशी पोहोचायला त्यांना जरा उशीर झाला.

दृढीकरण, प्रभुभोजन आणि प्रथम ख्रिस्तप्रसाद यांचे काय?

दृढीकरण म्हणजे मोठेपणी विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी, आणि प्रभुभोजन किंवा ख्रिस्तप्रसाद म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर घेण्याचा विधी. निर्णय पाळकांचा किंवा फादरांचा असतो, पण शिक्षकांचे म्हणणे तेथे वजनदार ठरते. कॅथलिक मंडळींसाठी व्हॅटिकनने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षण-मार्गदर्शिकेत, गंभीर स्वरूपाचे दिव्यांगत्व असलेल्यांनाही संस्कारांच्या परिपूर्ण जीवनाचे बोलावणे आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत दृढीकरणाच्या वर्गाची प्रश्नोत्तरे तोंडपाठ येणे हा निकष मानला जातो; बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणाला समज आहे की नाही, हे त्या तोंडी परीक्षेपेक्षा त्याला वर्षभर पाहणाऱ्या माणसांना विचारून ठरवावे. प्रत्यक्ष विधीआधी मुलाला रिकाम्या चर्चमध्ये नेऊन वेदीपर्यंत चालवून आणावे आणि गिळण्यास त्रास असेल तर भाकरीचा तुकडा किती लहान असावा हे आधीच ठरवून ठेवावे.

मुलांच्या सुरक्षिततेसाठी कोणते नियम असावेत?

कोणतेही मूल एका मोठ्या माणसाबरोबर बंद दाराआड असू नये. शौचालयात मदत लागत असेल तर ती कोणी करावी हे पालकांनी लेखी सांगावे, आणि शक्यतो पालकांनाच बोलवावे. वर्गाचे दार उघडे किंवा काचेचे असावे. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याला तक्रारही करता येत नाही, म्हणून त्याच्या वागण्यातला अचानक बदल हीच त्याची तक्रार समजावी. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे; मुलाच्या दिव्यांगत्वाचा गैरफायदा घेतला असल्यास कायदा तो गुन्हा अधिक गंभीर मानतो. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. ‘मंडळीची बदनामी नको, कमिटीत मिटवू’ हा मार्ग कायद्याने बंद केलेला आहे.

चर्चची इमारत जुनी, दगडी आहे. बदल कसे करावेत?

रॅम्पचा उतार एकास बारा असावा. म्हणजे एक फूट उंचीच्या पायऱ्यांसाठी बारा फूट लांबी लागते. त्याहून उभा उतार बांधला तर तो दिसायला रॅम्प असतो, पण त्यावरून एकट्याने कोणी चढू शकत नाही. दार निदान नव्वद सेंटिमीटर रुंद हवे. बाकांच्या रांगेतून मधलाच एखादा बाक कापून आखूड करावा, म्हणजे व्हीलचेअर कुटुंबाच्या शेजारी उभी राहते; सर्वांत मागे, चपलांच्या जवळ नाही.

मंडळी कुटुंबाला सरकारी कामात मदत करू शकते काय?

होय, आणि ही मदत फार मोलाची असते. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी) ऑनलाइन अर्ज भरणे आणि जिल्हा रुग्णालयातील तपासणीच्या दिवशी सोबत जाणे हे तरुण संघाला सहज जमण्यासारखे आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. मूल १८ वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. या चार प्रकारांत नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो.

मूल मोठे झाल्यावर त्याला कोणत्या वर्गात बसवावे?

पंचवीस वर्षांच्या माणसाला बालवर्गात बसवू नये, त्याला तेथील गाणी आवडत असली तरीही. त्याने तरुण संघात यावे, आणि संघाने आपल्या सभेत एक तरी काम त्याच्या नावावर ठेवावे. आमच्याकडे पहिल्या बाकाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला ‘सलाम’ करण्याचे काम असा एक जण गेली सहा वर्षे करीत आहे. उशिरा येणाऱ्यांना तो सलामाबरोबर भिंतीवरचे घड्याळही दाखवतो, आणि त्याबद्दल पास्टरेट कमिटीच्या दोन सभासदांनी माझ्याकडे तक्रार केली आहे.